कायद्याची कात्री आणि तिसरे शरीर

सेन्सॉर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कात्री येते. कुणीतरी खुर्चीत बसून पडद्यावरचे नको ते कापतो आहे, असे ते चित्र. चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. शिंप्याची कात्री कापड नुसते कापत नाही, बेततेही. सदरा कुठे घट्ट, कुठे सैल, हे तीच ठरवते. अश्लीलतेच्या कायद्याचेही तसेच आहे. त्याने काय झाकले गेले याच्या याद्या पुष्कळांनी केल्या आहेत. त्या कायद्यामुळे काय दाखवले गेले, आणि ते तसेच का दाखवले गेले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. स्त्री आणि पुरुष या दोन खणांत न बसणाऱ्या माणसांच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारल्यावाचून त्यांचा पडद्यावरचा इतिहास कळतच नाही.

विषय अवघड आहे आणि आपल्याकडे तो नाक मुरडून बाजूला सारला जातो, याची मला कल्पना आहे. जुन्या 'फक्त प्रौढांसाठी' चित्रपटांत पारलिंगी माणसे कशी दिसली, हे इथे पाहायचे आहे, म्हणजे घाणीत हात घालणे आले असे काहींना वाटेल. पण इतिहासाला सोवळे नेसून चालत नाही.

सुरुवात विलायतेपासून करावी लागते, कारण आपल्या कायद्याचे माहेर तेच. १८६८ साली इंग्लंडमध्ये 'हिक्लिन' खटल्याचा निकाल लागला. हेन्री स्कॉट नावाच्या गृहस्थाने कॅथलिक पाद्र्यांच्या कबुलीजबाबाच्या प्रथेवर टीका करणारी पुस्तिका वाटली होती. हेतू धार्मिक वादाचा होता, चाळवण्याचा नव्हता. तरीही सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी घालून दिली ती अशी : ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत, त्यांच्या हाती हा मजकूर पडला तर ती मने बिघडतील का? म्हणजे हेतू बघायचा नाही, संपूर्ण पुस्तक बघायचे नाही. सर्वांत कच्च्या वाचकाच्या हाती सर्वांत वाईट उतारा ठेवायचा आणि न्याय करायचा. भारतीय दंडसंहिता १८६० ची. तिच्या २९२ व्या कलमात अश्लील वस्तूंच्या विक्रीला आणि प्रसाराला शिक्षा होती, आणि 'अश्लील म्हणजे काय' याचे उत्तर आपली न्यायालये पुढे जवळजवळ दीडशे वर्षे हिक्लिनच्या कसोटीतून काढत राहिली.

मराठीत या कलमाचा सर्वांत प्रसिद्ध मार खाल्ला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. १९३४ च्या खटल्यात गुन्हा काय होता, तर वाचकांनी विचारलेल्या खाजगी प्रश्नांना दिलेली सरळ उत्तरे. त्यात समलिंगी संबंधांविषयीचाही प्रश्न होता. कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी दोनशे रुपये दंड झालाच. नियमाबाहेरच्या कामभावनेविषयी शास्त्राच्या भाषेत बोलणेसुद्धा इथल्या कायद्याला चालले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण समुद्रापलीकडे नेमके उलट घडले. तिथे शास्त्राची भाषा हीच पळवाट झाली.

डॉक्टरांचा पांढरा कोट

१ डिसेंबर १९५२ रोजी न्यू यॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर बातमी छापली. पूर्वी सैन्यात असलेला एक तरुण डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रिया करून स्त्री झाला होता. क्रिस्टीन जॉर्गेन्सन हे तिचे नाव. जगभर गवगवा झाला. स्वस्तातले सनसनाटी चित्रपट काढणाऱ्या जॉर्ज वाईस या निर्मात्याने संधी साधली आणि एड वुड या दिग्दर्शकाकडून १९५३ साली 'ग्लेन ऑर ग्लेंडा' करून घेतला. वुड स्वतः बायकांचे कपडे घालण्याची ओढ असलेला माणूस होता. मुख्य भूमिका त्याने टोपणनावाने स्वतःच केली.

त्या काळी हॉलिवुडच्या बड्या स्टुडिओंनी स्वतःवर लादून घेतलेली आचारसंहिता होती. १९३४ पासून ती कडकपणे पाळली जाई आणि 'विकृत' कामभावनेचा नुसता सूचक उल्लेखही तिला चालत नसे. वाईससारखे निर्माते त्या चौकटीबाहेरचे, पण गावोगावच्या पोलिसांची आणि राज्याराज्यांच्या सेन्सॉर मंडळांची भीती त्यांनाही होतीच. म्हणून 'ग्लेन ऑर ग्लेंडा'ची बांधणी बघण्यासारखी आहे. एक आत्महत्या होते, पोलिस अधिकारी एका मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, आणि तज्ज्ञ त्याला व्याख्यान देत देत दोन 'केस' सांगतो. पोलिस आणि डॉक्टर, म्हणजे कायदा आणि वैद्यक, या दोन पहारेकऱ्यांच्या मधून तो नायक प्रेक्षकांपुढे येतो. एकट्याने येण्याची त्याला परवानगीच नाही.

ही युक्ती पुढे कायद्याने जवळजवळ अधिकृत केली. १९५७ च्या 'रॉथ' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनला बाजूला सारले. सर्वसाधारण माणसाच्या नजरेने आणि संपूर्ण कृतीचा विचार करून निर्णय घ्यायचा, आणि ज्यात तिळमात्रही सामाजिक मोल नाही तेच अश्लील समजायचे, असा सूर लागला. १९६६ च्या एका निकालाने तो आणखी पक्का केला. निर्मात्यांनी याचा अर्थ चटकन ओळखला. कणभर सामाजिक मोल दाखवा आणि मणभर शरीर दाखवा! टेबलामागे पांढरा कोट घातलेला डॉक्टर बसवायचा, मागे पुस्तकांचे कपाट, हातात छडी, बाजूला तक्ता. तो गंभीर आवाजात 'विवाहितांसाठी मार्गदर्शन' करणार आणि मध्ये मध्ये त्याची प्रात्यक्षिके येणार. १९६० च्या दशकाच्या शेवटी अशा चित्रपटांची लाटच आली, आणि त्या धंद्यात त्यांना 'पांढरा कोट' हेच नाव पडले.

डोरिस विशमन या बाईची कारकीर्द म्हणजे या कायद्याचा चालता आलेखच आहे. १९५७ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे असे म्हटले, आणि त्यानंतर विशमनने नग्नसंघांच्या शिबिरांवर चित्रपट काढायला सुरुवात केली. ऊन, व्हॉलीबॉल, निरोगी जीवन! पुढे कायदा जसा सैल झाला तसे तिचे चित्रपट बदलले. १९७० च्या दशकात तिने 'लेट मी डाय अ वुमन' केला. लिओ वोलमन हे खरे डॉक्टर त्यात समोर बसून बोलतात. खरी पारलिंगी माणसे आपली हकीगत सांगतात, मध्येच रचलेले शृंगाराचे प्रसंग येतात आणि शस्त्रक्रियेची दृश्येही येतात.

हा चित्रपट मला या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू वाटतो, कारण त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतून गेल्या आहेत. एकीकडे ही माणसे स्वतःच्या तोंडाने बोलतात : घरच्यांनी कसे वागवले, नोकरी कशी गेली, आरशात काय दिसते. त्या काळच्या कुठल्याही सभ्य चित्रपटाने त्यांना इतका वेळ दिला नव्हता. दुसरीकडे, डॉक्टर त्यांच्या उघड्या शरीराकडे वर्गातल्या सांगाड्याकडे दाखवावे तसे बोट दाखवतो. हे बोट दाखवणे निव्वळ क्रौर्यातून आलेले नव्हते. ती कायदेशीर गरज होती. शरीर 'शास्त्रीय' म्हणून दाखवले तर बचाव होता, आणि प्रेमिकाचे शरीर म्हणून दाखवले तर तुरुंग. तेव्हा पडद्यावर उरली ती शस्त्रक्रिया. प्रेम बाहेर राहिले.

गावागावाचे मापदंड

२१ जून १९७३ रोजी 'मिलर' खटल्याचा निकाल आला आणि वारे फिरले. आता 'तिळमात्र' मोल पुरेसे नव्हते. गंभीर असे साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा शास्त्रीय मोल हवे होते. त्याशिवाय कामुकता चाळवते की नाही हे त्या त्या समाजाच्या मापाने ठरणार होते. पांढऱ्या कोटाची पत संपली. न्यू यॉर्कमध्ये खपणारी फीत टेनेसीत गुन्हा ठरू शकत होती. १९७६ साली मेंफिसमध्ये 'डीप थ्रोट'च्या खटल्यात चक्क नटालाच दोषी ठरवले गेले, तोही तिथे चित्रीकरण झालेले नसताना. ती शिक्षा पुढे टिकली नाही, पण धाक बसायचा तो बसला. एकाच चित्रपटाच्या उघडी आणि झाकलेली अशा दोन आवृत्त्या काढायच्या, आणि प्रदेश बघून पाठवायच्या, अशी रीत पडली.

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट घराघरात गेली. पारलिंगी कलावंतांच्या फिती एका वेगळ्या कप्प्यात, हिणकस नावाखाली विकल्या जाऊ लागल्या. त्यांच्यावर कायद्याची छाया दुहेरी होती. उघडेपणा हा एक भाग, आणि 'सर्वसाधारण समाजाला' ते शरीरच आक्षेपार्ह वाटेल ही भीती हा दुसरा. म्हणून त्यांच्या कथानकाचा एकच साचा झाला. एक स्त्री दिसते, पुरुष भुलतो, आणि मग 'रहस्य' उघड होते. सगळा भर त्या उघड होण्याच्या क्षणावर. माणूस म्हणजे एक धक्का. हा साचा प्रेक्षकाच्या आवडीने घडला तसाच कायद्याच्या हिशेबानेही घडला, असे मला वाटते. एकाच क्षणावर उभा असलेला चित्रपट झाकायला सोपा आणि विकायलाही सोपा असतो.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या १९०७ च्या दंडसंहितेचे १७५ वे कलम अश्लील वस्तूंच्या प्रसाराला बंदी घालते. अंमलात त्याचा अर्थ इतकाच झाला की जननेंद्रिये दिसता कामा नयेत. म्हणून जपानी प्रौढ चित्रपटांत त्या जागी चौकटी चौकटींचा धूसर पट्टा येतो. बाकी काहीही चालते! १९७६ साली नागिसा ओशिमाने आपल्या गाजलेल्या चित्रपटाचे चित्रीकरण जपानमध्ये केले, पण फीत धुवायला फ्रान्सला पाठवली. कायदा फितीवरच्या अवयवांचा होता, माणसांचा नव्हता. पारलिंगी कलावंतांच्या बाबतीत यातून विचित्र गोष्ट झाली. ज्या अवयवावरून जग त्यांची जात ठरवते, नेमका तोच पुसला गेला. बाकी उरला चेहरा, आवाज, चाल, लाजणे. १९६९ मध्ये तोशिओ मात्सुमोतोने 'फ्यूनरल परेड ऑफ रोझेस' केला. तो काही प्रौढांच्या बाजारातला चित्रपट नव्हे. तोक्योच्या मद्यगृहांतल्या स्त्रीवेषधारी तरुणांची ती कथा त्याच समाजातल्या कलावंतांना घेऊन केलेली आहे. त्याच कायद्याच्या छायेत, चेहऱ्यावर किती काही सांगता येते हे त्यात दिसते. झाकण्याने नेहमी नुकसानच होते असे नाही. प्रश्न आहे तो कोण झाकतो आणि कशासाठी झाकतो, याचा.

आपला मुलूख : वेष हाच गुन्हा

आता घराकडे येऊ. आपल्याकडे असा प्रौढ चित्रपटांचा उघड धंदा कधी उभाच राहिला नाही. २९२ कलमाखाली अशा गोष्टींची निर्मिती आणि विक्री हाच गुन्हा. मग आपल्या कायद्याने काय घडवले? त्याचे उत्तर चित्रपटाच्या आधीपासून शोधावे लागते.

मराठेशाहीत हिजड्यांना काही गावांत वंशपरंपरेने हक्क होते. सुगीला ठराविक धान्य, बाजारातून ठराविक पैसा, क्वचित जमीनही. त्यांना सनदा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई इलाख्याच्या सरकारने इनामांची छाननी केली तेव्हा हे हक्क गोऱ्या अधिकाऱ्यांपुढे आले. हक्क नाकारला तर वस्त्र वर उचलण्याचा धाक हा त्या जमातीचा जुना उपाय. साहेबाच्या लेखी ती असभ्यतेची परिसीमा होती. शेवटी भीक मागण्याच्या हक्काला सरकारी मान्यता देणार नाही, असे धोरण ठरले आणि सनदा गेल्या. माझ्या मते आपल्या भागात अश्लीलतेच्या कल्पनेने या लोकांच्या पोटावर मारलेली ही पहिली लाथ.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग तर खास त्यांच्यासाठीच होता. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात त्यांच्या नोंदवह्या ठेवल्या गेल्या. नोंद झालेल्याने सार्वजनिक जागी स्त्रीवेष केला, दागिने घातले, नाच-गाणे केले, तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्याच वळणाचा कायदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१९ साली झाला, आणि संस्थानात तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे आपले मराठवाड्याचे जिल्हेही होते. हा कायदा तेलंगणात कागदावर जिवंत राहिला तो थेट जुलै २०२३ पर्यंत, जेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. इथे शरीर उघडे करण्याचा प्रश्नच नव्हता. साडी नेसणे हाच उघडेपणा समजला गेला.

आणि गंमत अशी, की त्याच काळात मराठी रंगभूमीवर साडी नेसलेल्या पुरुषांना लोक डोक्यावर घेऊन नाचत होते. बालगंधर्वांच्या शालूची घडी कशी होती यावरून पुण्या-मुंबईच्या बायका आपले नेसणे ठरवत. आमच्या मंगेशीचे दीनानाथ 'भावबंधन'मध्ये लतिका होत. गोव्यात आणि सिंधुदुर्गात दशावतारातली स्त्रीपात्रे पुरुषच करत आले आहेत, आणि देवळाच्या मांडावर त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मालव्याचा 'माच' हा लोकनाट्यप्रकारही परंपरेने पुरुषांचाच. इंदूरहून धारच्या रस्त्याने जाताना बेटमा हे गाव लागते. तिथल्या एका मराठी स्नेह्याशी यावर बोलणे झाले तेव्हा त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. म्हणाले, "अहो, आमच्याकडे माचात घुंगट घेतलेल्या पुरुषाला लोक पैसे उधळतात. तोच माणूस घुंगट घेऊन सकाळी बाजारात आला तर दगड मारतील." होळकरांचा मुलूख त्या १८७१ च्या कायद्याच्या कक्षेबाहेरचा होता. पण कायद्याची सीमा नकाशावर असते, नजरेला सीमा नसते.

रंगभूमीतही उच्चनीच होतेच. गंधर्वांचा स्त्रीवेष कला, आणि तमाशातल्या नाच्याचा तो चाळा. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी घातली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर तमाशाला पुन्हा उभे राहू दिले. बतावणीतली रांगडी बोली सौम्य झाली, लावण्या 'सुधारल्या'. नाच्या मात्र होता तिथेच राहिला, फक्त त्याच्या वाट्याला आता निव्वळ हशा उरला. पुढे १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर परिनिरीक्षण मंडळाने बत्तीस कात्र्या सुचवल्या, तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. नाच्याच्या बाजूने न्यायालयात जाणारा कुणी सारंग नव्हता.

पडद्यावर : खलनायक, विनोद आणि नकार

चित्रपटाच्या बाबतीत दोन निकाल महत्त्वाचे, आणि दोन्ही न्या. हिदायतुल्ला यांचे. नागपूरशी घनिष्ठ संबंध असलेला आणि पुढे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झालेला हा विद्वान माणूस. १९६४ च्या रणजित उदेशी खटल्यात त्यांनी लॉरेन्सच्या कादंबरीच्या विक्रीबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली आणि हिक्लिनची कसोटी मान्य केली. १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटाच्या खटल्यात त्यांनी पूर्वतपासणी घटनेला धरून आहे असे सांगितले, पण नियम स्पष्ट हवेत आणि कलेला जागा हवी असेही बजावले. या दोन्हींच्या मध्ये, १९६९ साली, चंद्रकांत काकोडकरांची सुटका झाली. आडनावातच काकोडा घेऊन फिरणारा हा लोकप्रिय मराठी कादंबरीकार 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'शामा' या कथेपायी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. स्त्री-पुरुषांच्या शृंगाराला हळूहळू का होईना, जागा मिळत होती.

तिसऱ्यांना मिळाली ती दोनच दारे. एक हशाचे : 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आपण सगळ्यांनी पोट धरून पाहिला, त्यातल्या साडीला कुणी हरकत घेतली नाही आणि घ्यायचे कारणही नव्हते. दुसरे दार भीतीचे : १९९१ च्या 'सडक'मध्ये आपल्या सदाशिव अमरापूरकरांनी कुंटणखाना चालवणारी 'महाराणी' उभी केली, आणि त्या भूमिकेला पुरस्कारही मिळाला. अभिनय जबरदस्तच होता. पण क्रूर, किळसवाणा तृतीयपंथी प्रमाणपत्र घेऊन गावोगावच्या थिएटरांत पोहोचला, ही वस्तुस्थिती आहे.

तिसरे दार उघडण्याचा प्रयत्न झाला तेव्हा काय झाले? अमोल पालेकरांनी १९९६ मध्ये 'दायरा' केला. त्यात निर्मल पांडे यांनी स्त्रीवेषात जगणारा नर्तक केला, समोर सोनाली कुलकर्णी. फ्रान्समधल्या महोत्सवात निर्मल पांडे यांना सर्वोत्कृष्ट 'अभिनेत्री'चे पारितोषिक मिळाले. (याच पालेकरांनी २००१ मध्ये कर्व्यांवर 'ध्यासपर्व' केला, हा योगायोग नसावा.) आणि २००३ मध्ये श्रीधर रंगायन यांनी मुंबईत 'गुलाबी आईना' हा चाळीस मिनिटांचा चित्रपट केला. स्त्रीवेषात वावरणाऱ्या दोघांची, त्यांच्या चेष्टामस्करीची, हेवेदाव्यांची, मायेची ही गोष्ट. परिनिरीक्षण मंडळाने त्याला असभ्य आणि आक्षेपार्ह ठरवून प्रमाणपत्र नाकारले. पुन्हा पुन्हा अर्ज करूनही नकारच. परदेशी महोत्सवांतून मात्र तो फिरत राहिला.

'सडक'ला होकार आणि 'गुलाबी आईना'ला नकार. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की सगळा हिशेब लख्ख दिसतो. किती कपडे उतरले, हा मुद्दाच नव्हता. आपले शरीर, आपली इच्छा हे लोक स्वतः हसत हसत, खलनायक न होता बोलू लागले, हे आक्षेपार्ह ठरले. अमेरिकेत डॉक्टराच्या शेजारी बसवून त्यांना बोलू दिले. आपल्याकडे त्यांना विदूषकाच्या टोपीत किंवा राक्षसाच्या मुखवट्यात आणले. कायदे वेगळे, देश वेगळे, पण अट एकच : स्वतःच्या नावाने यायचे नाही.

यानंतर थोडा उजेड पडला. १९९६ मध्येच 'बँडिट क्वीन'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की नग्नता कशासाठी दाखवली हे बघायला हवे. २००९ च्या 'जोगवा'ने सीमाभागातल्या यल्लम्माच्या जोगत्याचे, बळेच साडी नेसवलेल्या तरुणाचे दुःख मांडले, आणि उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १ जानेवारी २०१० ला आलेल्या 'नटरंग'ने नाच्याच्या वाट्याला आलेला अपमान आणि अत्याचार मराठी प्रेक्षकाला गिळायला लावला. आणि २०१४ हे वर्ष तर विलक्षणच. ३ फेब्रुवारीला अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनला निरोप देऊन समकालीन समाजाच्या मापदंडाची कसोटी आणली. १५ एप्रिलला 'नाल्सा' निकालाने तृतीयपंथीयांना स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. दोन्ही निकाल एकाच खंडपीठाचे : न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री.

दहा आठवड्यांच्या अंतराने आलेले हे दोन निकाल एकमेकांना पूरक आहेत असे पहिल्यांदा वाटते. पण थोडे थांबून पाहिले की त्यांच्यात एक ताण दिसतो. पहिला म्हणतो, समाज काय म्हणेल ते बघा. दुसरा म्हणतो, तू कोण हे समाजाने ठरवायचे नाही, तू ठरवायचेस. मग पडद्यावर तृतीयपंथी शरीर आले तर मापदंड कुणाचा? गावाचा, की त्या शरीराच्या मालकाचा? 'मिलर'नंतर अमेरिकेत जे झाले ते आठवावे. समाजाचा मापदंड म्हणजे बहुसंख्यांची सवय, आणि मूठभरांना त्या सवयीत जागा नसते. दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली. तिच्या २९४ व्या कलमात जुन्या २९२ चीच भाषा जवळपास तशीच उतरली आहे. प्रश्न होता तिथेच आहे.

आम्हा गोवेकरांना हा प्रश्न परका नाही. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. २०१७ मध्ये भारतीय विभागाच्या परीक्षकांनी निवडलेले दोन चित्रपट मंत्रालयाने परस्पर वगळले. त्यांतला एक रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड'. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसून पोट भरणाऱ्या बाईची ती कथा. परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. काही महिन्यांतच त्याच चित्रपटाला एकही कात्री न लावता प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले. हेच रवी जाधव 'नटरंग'चे दिग्दर्शक, आणि २०२३ मध्ये श्रीगौरी सावंत यांच्या जीवनावरची 'ताली' ही मालिकाही त्यांचीच. ती थिएटरात आली नाही, नेटवरून घरात आली. तिथे परिनिरीक्षण मंडळाची कात्री नाही, २०२१ च्या नियमांप्रमाणे वयोगटाची पाटी लावली की झाले. नाच्या, नग्न बसणारी बाई आणि गौरी या तिघांना एकाच दिग्दर्शकाने मराठी माणसापुढे आणले, आणि तिघांची वाट कायद्याने तीन प्रकारे आखली.

मला अश्लीलतेचा कायदाच नको आहे असे कुणी समजू नये. लहान मुलांचे संरक्षण, कुणाच्या संमतीविना त्याचे शरीर बाजारात मांडणे, यांना कायदा हवाच, आणि कडक हवा. माझे म्हणणे वेगळे आहे. दीडशे वर्षे आपण या कायद्याला विचारत आलो : हे बघून बघणाऱ्याचे मन बिघडेल का? दिसणाऱ्याचे काय होते, हे त्याला कधी विचारलेच नाही. 'लेट मी डाय अ वुमन'मधल्या त्या उघड्या माणसांना, 'महाराणी'ला बघून गावोगावी ज्यांच्या मागे पोरे लागली त्यांना, 'गुलाबी आईना'त प्रथमच आपले हसू दिसले असते पण दिसू दिले नाही त्यांना, कुणी साक्षीला बोलावले नाही. पुढच्या वेळी पणजीत एखादा चित्रपट 'समाजाच्या भावना' म्हणून बाजूला काढला गेला, तर त्या समाजात ही माणसे मोजली आहेत का, एवढे तरी आपण विचारूया.